ताबीश हलला तेव्हा

कुंभारी,
२५ नोव्हेंबर २०२४

डॉक्टर राजेश्वरी मॅडम यांना शबानाचा सलाम.

दिवाळीच्या सुट्टीत माझ्या मुलाचं, ताबीशचं, जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन तुमच्या दवाखान्यात झालं. वय सहा. भूल तुम्ही दिली होती. आदल्या दिवशी तुम्ही कॉटवर बसून तुमच्या अभ्यासाचा कागद मला समजावून सांगितला. "उर्दू नको, मराठीच द्या, मी मराठी शाळेत शिकले" म्हटल्यावर तुम्ही हसला होता. त्यावरून कदाचित आठवेल.

जखम चांगली भरली, तिची तक्रार नाही. पण पोरगा बदलला, मॅडम. डोक्यातून कुठलाही कपडा घालू देत नाही. मी शाळेचे गणवेश शिवते, म्हणून निभावलं. त्याचे सगळे बनियन आणि टी-शर्ट पुढून कापून बटणं लावली. आंघोळीला तोंडावर पाणी घेत नाही. झोपतो ते दोन्ही हात तोंडावर ठेवून. विचारलं की एकच सांगतो, "मेरेकू नींद नै आई थी अम्मी. मुँह में चमचा डाले."

वॉर्डातल्या मावशी घरी सोडताना म्हणाल्या होत्या, "तुमचा पोरगा लई हलला म्हणं की टेबलावर." तेव्हा मी लक्ष दिलं नाही. आता तेच डोक्यात फिरतं. तुमच्या कागदात लिहिलं होतं की झोपेचा वायू आधीच्या मुलावरून थोडा कमी किंवा थोडा जास्त ठरेल.

सासूबाई, म्हणजे अजीजाबी, उठता-बसता म्हणतात, "गरीब के बच्चे पे हात साफ करते."

हे सगळं सांगायचं कारण वेगळंच. आता त्याच्या डाव्या बाजूलाही तसाच फुगवटा आला आहे. रडला, खोकला की येतो, निजला की आत जातो. सर्जन म्हणाले, वेळेवर करून घ्या, आतडं अडकलं तर धावपळ होईल. सासूबाई म्हणतात, पुन्हा त्या दारात पाय नको. माझे मिस्टर टेंपो चालवतात, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. ते म्हणतात, तू ठरव.

म्हणून विचारते. माझ्या पोराला वायू कमी दिला होता का? तो जागा होता का?

कागदावरच्या नंबरवर कुणी फोन उचलत नाही. घर एका खोलीचं, सासूबाईंसमोर फोनवर हे बोलता येत नाही. उत्तर पाकिटावर लिहिलेल्या शिवणकारखान्याच्या पत्त्यावर पाठवा.

शबाना


सोलापूर,
३ डिसेंबर २०२४

सौ. शबाना यांस,
स.न.वि.वि.

आपले पत्र मिळाले. चि. ताबीश याच्या प्रकृतीची आपण कळवलेली माहिती आमच्या विभागाने गांभीर्याने घेतली आहे. शस्त्रक्रियेनंतर काही लहान मुलांच्या वागण्यात तात्पुरते बदल दिसतात. ते बहुधा काही आठवड्यांत कमी होतात.

भुलेत असताना हातपाय हलणे ही शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया असते. तिचा अर्थ मूल जागे आहे असा होत नाही. अभ्यासात वापरलेले वायूचे सर्व प्रमाण सुरक्षित मर्यादेतील असून त्यास नैतिकता समितीची मान्यता आहे. डाव्या बाजूची शस्त्रक्रिया सर्जनांच्या सल्ल्याने अवश्य करून घ्यावी. काळजी नसावी.

आपली,
डॉ. राजेश्वरी हत्तुरे
भूलशास्त्र विभाग


कुंभारी,
७ डिसेंबर २०२४

मॅडम,

पत्र मिळालं. दोन वेळा वाचलं. कारखान्यातल्या नागम्माकाकूंनाही वाचून दाखवलं, माझंच काही चुकत असेल म्हणून. त्या म्हणाल्या, "पोरी, बँकेतनं येतं तसलं पत्र हाय हे."

मी विचारलं होतं, कमी दिला होता का. तुम्ही लिहिलं, मर्यादेत होता. मी विचारलं होतं, तो जागा होता का. तुम्ही लिहिलं, हलणं म्हणजे जागं असणं नव्हे. काळजी नसावी म्हणता. काळजी कुठं ठेवू, ते सांगा.

काल शाळेत कुणीतरी खेळताना मागून त्याचे डोळे झाकले. तो इतका ओरडला की बाईंनी मला बोलावून घेतलं.

मी भांडायला लिहीत नाही. मला त्याला परत तुमच्याकडेच आणायचं आहे, खासगीत न्यायची आमची ऐपत नाही. म्हणूनच खरं काय ते हवं आहे.

शबाना


सोलापूर,
१४ डिसेंबर २०२४

शबानाताई,

तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं आधी लिहिते.

हो, ताबीशला त्याच्या आधीच्या मुलापेक्षा वायू कमी दिला होता. आणि हो, तो हलला.

पहिलं पत्र मी लिहून आमच्या सरांना, डॉ. महेश्वर यांना दाखवलं होतं. त्यात ही दोन वाक्यं होती. सर म्हणाले, "पालकांना एवढा तपशील कळत नाही, उगाच घाबरतील." मी ती काढली. तुम्ही सही करण्याआधी मला जेवढे प्रश्न विचारले तेवढे माझ्या प्रबंधाचा आराखडा तपासणाऱ्यांनीही विचारले नव्हते, हे मला चांगलं आठवत होतं, तरी काढली. हे पत्र सरांना दाखवलेलं नाही.

आता नीट सांगते. लहान मुलांना सुई न टोचता आधी तोंडावर मास्क धरून वायूनं झोपवतात. झोप लागली की घशात दुसरा, मऊ रबरी मास्क सरकवून बसवतात, म्हणजे श्वासाची वाट मोकळी राहते. झोप हलकी असेल तर घसा तो मास्क आत घेत नाही, मूल हलतं, खोकतं. वायू जास्त झाला तर रक्तदाब उतरतो, श्वास मंदावतो. नेमका किती पुरतो, हे आमचा अभ्यास शोधतो. एका मुलाला ठराविक प्रमाण दिलं आणि ते शांत राहिलं, तर पुढच्याला एक पायरी कमी. ते हललं, तर पुढच्याला एक पायरी जास्त. असं खाली-वर करत आपण त्या प्रमाणाच्या जवळ पोचतो.

ताबीशच्या आधीचं मूल शांत राहिलं, म्हणून ताबीशच्या वाट्याला एक पायरी खालचं प्रमाण आलं. मी मास्क आत सरकवला तेव्हा त्यानं डोकं वळवलं आणि उजवा हात उचलला. मी लगेच वायू वाढवला, आणि दुसऱ्यांदा मास्क सहज बसला. त्यापुढे ऑपरेशनभर तो शांत होता.

तो जागा होता का? झोप लागायला जेवढा वायू लागतो, त्याच्या दुपटीहून जास्त घसा शांत व्हायला लागतो. ताबीशला मिळालेलं प्रमाण झोपेच्या पातळीच्या बरंच वर होतं. झोपेत डास चावला की माणूस हात झटकतो आणि सकाळी त्याला काही आठवत नाही, तसा तो हात होता असं माझं ज्ञान सांगतं. पण ताबीश चमच्याविषयी बोलतो, आणि त्याच्या डोक्यात काय आहे हे माझ्या मशीनवर दिसत नाही. तो चमचा कुठून आला हे कळेपर्यंत मी "खात्रीनं नाही" असं लिहू शकत नाही.

मी येऊ का? रविवारी मला सुट्टी असते. दवाखान्याची डॉक्टर म्हणून नव्हे, साधी येईन. अजीजाबींना चालणार नसेल तर येणार नाही.

राजेश्वरी


कुंभारी,
२४ डिसेंबर २०२४

मॅडम,

तुम्ही आलात त्याबद्दल आधी सलाम. सासूबाई तुमच्याशी धड बोलल्या नाहीत, चहाचा कप मात्र नवा काढला होता, ते तुम्हाला कळलं असेल की नाही देव जाणे. तुम्ही गेल्यावर म्हणाल्या, "आई तो सही." म्हणजे, आली तरी.

ताबीश माळ्यावरून उतरलाच नाही, याचं तुम्हाला वाईट वाटलं हे मला दिसलं. तुम्ही खाली बसून त्या प्लॅस्टिकच्या बाहुलीला मास्क लावत होता, हटवत होता, एकटीच बोलत होता, आणि वर नुसते दोन पाय लोंबत होते. पण त्यानं सगळं पाहिलं. तुम्ही मास्क आणि बाहुली ठेवून गेलात ना, दुसऱ्या दिवशी तो खाली बसून खेळत होता. मी शिवणाच्या मशीनवरून तिरक्या नजरेनं पाहत होते. त्यानं बाहुलीला आडवं पाडलं. एका गुडघ्यानं तिचे पाय दाबले. एका हातानं दोन्ही हात दाबले. मग मास्क तोंडावर जोरात धरला आणि मराठीत म्हणाला, "रडू नको, रडू नको, फुगा फुगव, झालं, झालं." बाहुलीच्या जागी तोच ओरडला, "अम्मी!" पुन्हा मास्क दाबला.

चमचा नाही, काही नाही. एवढंच. तीन-चारदा हेच.

मग मी चमच्याचा शोध घेतला. शेजारच्या कॉटवर करकंबची दानेश्वरी होती, तिची मुलगी अक्षता ताबीशच्या पाठोपाठ आत गेली होती. तिचा नंबर माझ्याकडे होता. तिला विचारलं तर लगेच म्हणाली, "अगं, तू पाणी भरायला खाली गेलतीस. सिस्टर औषधाचा चमचा घेऊन आल्या. ताबीश अर्धवट झोपेत हुता. घेईना, तर तोंड धरून घातला. लई हात झाडले त्यानं." मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. मी वर आले तेव्हा तो पुन्हा झोपला होता.

म्हणजे चमचा नंतरचा, मॅडम. आणि दाबलेले हात आधीचे. मधलं त्याला काहीच आठवत नाही.

हे कळल्यावर मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण मग राग आला. तुमच्या वायूचा नाही. मी दाराबाहेर उभी होते, त्याचा "अम्मी" मला ऐकू आला होता. मला वाटलं, ऑपरेशनला सगळीच पोरं रडतात.

डावीकडचा फुगवटा परवा बराच वेळ आत गेला नाही. तारीख घ्यावी लागेल.

शबाना


सोलापूर,
४ जानेवारी २०२५

शबानाताई,

ताबीश बाहुलीला जे म्हणाला ते मी दोनदा वाचलं. ती वाक्यं माझीच आहेत. "फुगा फुगव, झालं, झालं" मी रोज म्हणते. मला वाटायचं मी मुलांना समजावते आहे. पाय एका मावशींनी धरले होते, हात सहकाऱ्यानं. मास्क माझ्या हातात होता. त्या क्षणी माझं सगळं लक्ष पडद्यावरच्या आकड्याकडे होतं, कारण अभ्यास तिथून सुरू होत होता.

माझ्या तक्त्यात दोन रकाने आहेत, हलला आणि हलला नाही. त्याआधी काय घडलं याला जागाच नाही.

ऑपरेशनची तारीख गड्ड्याची यात्रा संपल्यावरची घेतली आहे, २१ जानेवारी. त्याआधी फुगवटा आत गेलाच नाही तर तारखेची वाट न पाहता लगेच घेऊन या. हे ऑपरेशन अभ्यासात नाही, नेहमीसारखा पुरेसा वायू देऊ. दुसरं म्हणजे, तो झोपेपर्यंत तुम्ही आत थांबाल. आमच्याकडे असं कधी केलेलं नाही. महेश्वर सर म्हणाले, "आई चक्कर येऊन पडली तर पेशंट दोन होतील." मी त्यांना तुमचं पत्र वाचायला दिलं, विचारल्याशिवाय दिलं, रागावू नका. ते बाहुलीच्या ओळींपाशी थांबले. चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "चन्नम्मा सिस्टरला त्यांच्या मागं उभं करा. आणि एक मूल, एक आई, मग बघू."

आत काय दिसेल ते आत्ताच सांगते. तो तुमच्या मांडीवर असेल. मास्क तुम्हीच धरायचा, मी तुमच्या हाताखाली हात ठेवीन. आधी गुंगीचं गोड औषध देऊ. वायूला मार्कर पेनसारखा वास येतो, ते त्याला आधीच सांगा. डोळे वर फिरतील, हातपाय झटकेल, घोरल्यासारखा आवाज येईल. मग तो एकदम सैल पडेल. त्या वेळी घाबरायला होईल. ती झोपच असते. सर्दी-खोकला झाला तर लपवू नका, तारीख पुढे ढकलू, श्वासाला तेच सगळ्यात धोक्याचं.

आणखी एक. ताबीशची नोंद अभ्यासातून काढून टाकायचा तुम्हाला हक्क आहे. कारण सांगायची गरज नाही. तुम्ही म्हणाल तसं करीन.

राजेश्वरी


कुंभारी,
२ फेब्रुवारी २०२५

मॅडम,

घरी आल्यापासून लिहीन लिहीन म्हणते. तुम्ही तिथेच होतात, तरी लिहिते, कारण तुम्ही मशीनकडे पाहत होता आणि मी त्याच्याकडे.

हिरवा गाऊन घालून मी आत आले. तो औषधानं हसरा झाला होता. मास्क पाहिल्यावर दोन्ही हात तोंडावर गेलेच. तुम्ही म्हणालात, "थांबू, घाई नाही." बाहेर सर्जन घड्याळ बघत असतील, तरी तुम्ही थांबलात. मी मास्क आधी माझ्या तोंडाला लावला. म्हटलं, "देख, अम्मी फूँकती." मग त्यानं स्वतः हात बाजूला केला. मी धरला. वास आल्यावर नाक मुरडलं, माझ्याकडे टक लावून पाहत राहिला. मी दादीच्या कोंबड्यांची नावं घेत होते, एकेक करून. मध्येच त्याची नजर माझ्यावरून सुटली.

आणि मग तो सैल पडला. तुम्ही लिहिलं होतं, मी पाठ केलं होतं, तरी मॅडम, मांडीवर सहा वर्षांचं पोर एकदम जड होतं ते कुणाला लिहून कळत नाही. माझ्या तोंडून "या अल्ला" निघालं. तुम्ही माझा हात उचलून त्याच्या छातीवर ठेवलात. छाती वर-खाली होत होती. तेवढ्यानं मी उठून चालत बाहेर आले. चन्नम्मा सिस्टरांनी दंड धरला होता, दाराबाहेर आल्यावर त्याच रडायला लागल्या. म्हणाल्या, "एवढी वर्षं दार बंद करायचं काम माझंच हुतं की."

बाहेर सासूबाई बसल्या होत्या. विचारलं, "रोया?" मी म्हटलं, नाही. त्यांनी पदराची गाठ सोडून माझ्या हातात खारीक ठेवली.

वॉर्डात डोळे उघडले तेव्हा मी जवळच होते, या वेळी पाणी भरायला गेले नाही. त्यानं विचारलं, "शुरू कब होगा?" झालं म्हटलं तर विश्वासच बसेना, चड्डी खाली करून पट्टी पाहिली.

रात्री अजून कधी कधी हात तोंडावर जातात. एकदम जाणार नाही हे मला कळतं. कपडे पुढून उघडेच शिवते.

आता तुमचा प्रश्न. पुष्कळ विचार केला. त्याच्या आधीचं मूल शांत राहिलं म्हणून माझ्या पोराला कमी मिळाला. माझा हलला म्हणून पाठोपाठच्या पोरीला जास्त मिळाला असणार. तुम्ही नावं सांगणार नाही, सांगूही नका. पण अक्षता त्याच्या मागोमाग आत गेली होती हे मी डोळ्यांनी पाहिलं. दानेश्वरीला विचारलं, ती छान झोपली होती. ताबीशची नोंद काढून टाकली तर त्याचा तो उचललेला हात फुकट जाईल. नोंद राहू द्या.

पण जिथं लिहिलं आहे की तो हलला, तिथंच हेही लिहा की झोपण्याआधी तो रडत होता. आणि बाकीच्या मुलांचं काय झालं ते त्यांच्या आयांना विचारा. आम्ही सगळ्या दारापाशीच उभ्या होतो.

तुमची
शबाना


सोलापूर,
३० मार्च २०२५

शबानाताई,

ईदच्या आगाऊ शुभेच्छा. अजीजाबींनाही सांगा.

उत्तराला उशीर झाला, कारण तुम्ही सांगितलेलं काम करत होते. समितीची परवानगी काढायला वेळ लागला. मग अभ्यासातल्या सगळ्या मुलांच्या घरी फोन केले. काही नंबर बंद होते. मंगळवेढ्याच्या एका बाईनं पाच वेळा फोन कापला, सहाव्यांदा म्हणाली, "ज्वारीच्या काढणीत हाय बाई, बोला."

मी प्रत्येकीला एवढंच विचारलं, तुमचं मूल झोपण्याआधी कसं होतं?

वडिलांनी फोन उचलला तर ते म्हणायचे, लक्षात नाही, हिला विचारतो. आया मात्र थांबल्या नाहीत. कुणाचं मूल दारातून आत जाईपर्यंत हसत होतं. बहुतेकांची रडत होती. एक म्हणाली, "ते माझ्या बोटांना धरून होतं, एकेक बोट सोडवावं लागलं." एक याविषयी आजवर कुणाशी बोलली नव्हती, ती फोनवर बराच वेळ रडली. त्या मंगळवेढ्याच्या बाईनं मलाच विचारलं, "तुमी हे आत्ता विचारताय व्हय?"

प्रबंध गेल्या आठवड्यात सादर केला. वायूचं प्रमाण आलं ते आलं, इतर ठिकाणच्या अभ्यासांत येतं त्याच्या आसपासच आहे. पण त्या तक्त्याला आता तिसरा रकाना आहे. महेश्वर सरांनी तो खोडला नाही. त्यांनी फक्त माझा शब्द बदलला. मी लिहिलं होतं, "शस्त्रक्रियापूर्व अस्वस्थता." त्यांनी तो कापून वर पेन्सिलीनं लिहिलं, "रडला."

राजेश्वरी